लाँगहोपची बोट सरळ का झाली नाही?

संपादक महोदय,
स. न.

बचाव नौकांवरील लेखात स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांतल्या लाँगहोप बचाव केंद्राची बोट १७ मार्च १९६९ ला उलटून आठ जण गेले, ती दुर्घटना ‘जुनाट बोट आणि तांडेलाचे (बोटीच्या प्रमुखाचे) धाडस’ यांच्या माथी मारली आहे. दोन्ही कारणे चुकीची आहेत.

लाँगहोपची ‘टी.जी.बी.’ ही बोट १९६२ ची, म्हणजे अपघाताच्या वेळी अवघ्या सात वर्षांची होती. तांडेल डॅन किर्कपॅट्रिक यांना त्याआधी तीन रौप्यपदके मिळाली होती. ऑर्कनीच्या दक्षिणेच्या पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीत प्रवाह १२ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) धावतो, बोटीचा वेग मात्र आठ नॉटांच्या आसपास. तिथे भरतीचा लोंढा पूर्वेला जातो आणि समोरून आग्नेयेचा वारा आला की लाटा लांब न राहता उभ्या चढून फुटतात. त्या रात्री आग्नेयेचे वादळच होते. ‘आयरीन’ हे मालवाहू जहाज त्यात भरकटत होते, म्हणून बोट निघाली. ‘आयरीन’ साउथ रोनाल्डसे बेटाच्या किनाऱ्याला लागले आणि त्यावरच्या १७ जणांना जमिनीवरून दोर टाकून ब्रीचेस बॉयने (दोरावरून सरकणाऱ्या झोळीने) उतरवण्यात आले. लाँगहोपची बोट दुसऱ्या दिवशी थर्सो केंद्राच्या बोटीला पालथी सापडली. आठही जण गेले. त्यांत दोन घरांतले बाप आणि प्रत्येकी दोन मुलगे होते.

आता मूळ मुद्दा. ‘टी.जी.बी.’ ही ४७ फुटी वॉटसन प्रकारची बोट, रुंद, बसक्या केबिनची. सरळ असताना ती फार स्थिर, पण एकदा पालथी झाली की त्या स्थितीतही तितकीच स्थिर. ही हयगय नव्हती, विचारपूर्वक केलेली निवड होती. त्याआधीच्या वल्ह्यांच्या बोटी दोन्ही टोकांच्या उंच हवापेट्या आणि जड लोखंडी कण्यामुळे आपोआप सरळ होत, पण त्या अरुंद असल्याने उलटतही लवकर. डिसेंबर १८८६ मध्ये ‘मेक्सिको’ जहाजाच्या मदतीला गेलेले २७ बचावकर्मी बुडाले. त्यांच्यातली साउथपोर्टची बोट सरळ होण्यासाठीच बांधलेली होती, तरी झाली नाही. त्यानंतर बोटींचे रचनाकार जी. एल. वॉटसन यांनी मुळात उलटूच नये अशा बोटींवर भर दिला आणि पुढची कित्येक दशके खलाशांनीही त्याच पसंत केल्या.

लाँगहोपनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १९७० मध्ये, फ्रेझरबर्गची वॉटसन बोट उलटून पाच जण गेले. मग यापुढची प्रत्येक मोठी बोट स्वतः सरळ होणारीच हवी, असे ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेने ठरवले. उपाय समजायला सोपा आहे: इंजिने आणि नीरम (स्थैर्यासाठी ठेवलेले वजन) तळाशी, वर मोठी बंदिस्त केबिन. बोट पालथी झाली की केबिनमधली हवा वर उसळी घेते, तळाचे वजन खाली ओढते आणि बोट फिरते. दार किंवा हवेची झडप उघडी राहिली तर पाणी आत शिरते, उसळी कमी होते आणि सगळा हिशेब कोसळतो. म्हणून दारे घट्ट बंद आणि माणसे पट्ट्याने आसनाला बांधलेली, हे दोन नियम तितकेच महत्त्वाचे. जुन्या बोटींच्या केबिनवर उलटताच फुगणारी हवेची पिशवी बसवली गेली.

याची परीक्षा १८ नोव्हेंबर १९७९ च्या रात्री झाली. स्कॉटलंडच्या ‘बारा’ आणि ‘आयला’ या दोन बेटांवरून एकाच जहाजाच्या मदतीला निघालेल्या बोटी उलटल्या. ‘बारा’ बेटाची जुनी, बार्नेट प्रकारची बोट पिशवीच्या जोरावर सरळ झाली, आयलाची नवी बोट आपल्या रचनेमुळे. दोन्हींवरचे सगळे जण वाचले. लेखात ही घटना यायलाच हवी होती, कारण १९६९ च्या मृत्यूंचे खरे उत्तर तिच्यात आहे.

आणखी एक दुरुस्ती. लाँगहोपचे केंद्र ‘बंद पडले’ हेही खरे नाही. १८७४ पासूनचे हे केंद्र १९७० मध्येच नव्या बोटीसह पुन्हा सुरू झाले. ब्रिम्सच्या जुन्या बोटघरात आता संग्रहालय असून तिथे ‘टी.जी.बी.’च्या आधीची ‘टॉमस मॅकन’ ठेवली आहे. खुद्द ‘टी.जी.बी.’ दुरुस्त होऊन आयर्लंडच्या अरॅनमोर बेटावर काही वर्षे कामाला होती, आता ती स्कॉटलंडमधल्या अर्विनच्या सागरी संग्रहालयात आहे.

— एक वाचक, रत्नागिरी