चि. बाबूस, आईचं पत्र

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

बाबा परवा तुझी खोली बघून आले. घरमालक चांगला आहे, बँक पायी जाण्याजोगी आहे, हे ऐकून बरं वाटलं. पण कूलरच्या टाकीत उन्हाळ्याचं पाणी तसंच आहे आणि टेबलावर सुपारी-तंबाखू घोटलेल्या खर्र्याची पन्नी होती, हेही त्यांनी सांगितलं. फोनवर तू नुसता "हो आई" म्हणतोस, म्हणून लिहिते.

आधी खर्रा. आशा सेविका म्हणून मी घरोघरी फिरते, तेव्हा पस्तिशीच्या आतली माणसं दिसतात. तिखटानं तोंडाची आग होते म्हणून नुसता वरण-भात कालवून खातात, अन् जांभई द्यायलाही तोंड पुरतं उघडत नाही. सगळे तंबाखूला दोष देतात. तंबाखू वाईटच, पण गालाची आतली कातडी कडक करते ती सुपारी. तेव्हा 'बिनातंबाखूचा घोटून घेतो' हे मला सांगू नकोस. आज आरशासमोर उभा राहा आणि मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघ. जात नसतील, किंवा आत पांढरा-लाल चट्टा दिसला, तर लगेच सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरला दाखव. कडक झालेलं पहिल्यासारखं होत नाही रे. आज सोडलास तर पुढचं तरी थांबेल. तल्लफ जेवणानंतर येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात तोंडात भाजलेली जवस नाहीतर बडीशेप टाक.

आता कूलर. टाकी नुसती उलटी करून भागत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. काथ्यानं घासून काढ, पुसून उन्हात ठेव. रांजण, बादली, कुंडीखालची थाळी, सगळं आठवड्यातून एक दिवस कोरडं कर, कारण अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तुझी रविवारची सुट्टी आहे, तोच दिवस धर. हा डास दिवसा चावतो, म्हणून बँकेतही पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. ताप आलाच तर दुकानातून अंगदुखीची गोळी आणून खाऊ नकोस. डेंग्यूत काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. आधी रक्त तपास.

खोली सकाळी उठल्याबरोबर झाड, चहाच्या आधी. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. गावात पोचले की आधी झाडू हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. झाडलेल्या खोलीत संध्याकाळी परत आलास की तुलाही बरं वाटेल.

खानावळीत रोज पोळीच मिळते. आठवडी बाजारातून आंबाडी, तरोटा अशी पालेभाजी आणत जा. नुसती परतून, सोबत वरण, एवढं तुला करता येतं. वर मीठ घेऊ नकोस. आपल्या घरात बीपी आहे.

रात्री फोन उशाशी ठेवू नकोस, टेबलावर ठेव. दिवसभर आकडे बघून डोळे आधीच शिणलेले असतात.

आणि एक, जे लिहिताना माझा हात जड होतो. नव्या गावात संध्याकाळ मोठी वाटते. आपल्या भागात किती घरांतले कर्ते पुरुष आतल्या आत झुरले आणि कुणाला कळलं नाही, तू लहानपणापासून पाहिलं आहेस. झोप उडाली, जेवण नको वाटलं, काम सुचेनासं झालं, तर मला रात्री-बेरात्री उठव. मला सांगता येत नसेल तर 14416 वर बोल. टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी गावात हा नंबर सगळ्यांना लिहून देते, मग माझ्या लेकराला का नको?

शनिवारी मामा तिकडे येतो आहे. त्याच्यासोबत जवसाची चटणी आणि भाजलेली जवस पाठवते. तीन बोटं गेली की नाही, ते त्याच्याजवळ सांग.

तुझी
आई