मोबाइलवरचे सगळे खेळ एकाच मापाने मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. तेव्हापासून वृत्तपत्रांत ‘मोबाइल गेम’ म्हणजे एकच कुठलीतरी वाईट वस्तू असल्यासारखे लिहिले जाते. पैसे लावून खेळायची रमी, बंदुकांचे खेळ, आजी नातवाबरोबर खेळते तो लुडो आणि बुद्धिबळाचे अ‍ॅप, सगळे एकाच मथळ्याखाली. कायदा करणाऱ्यांनी तरी एवढी गल्लत केलेली नाही. त्यात ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम असे तीन वेगळे कप्पे आहेत आणि बंदी फक्त तिसऱ्यावर आहे. खेळ नशिबाचा की कौशल्याचा हा जुना वाद तिथे निकालातच काढला आहे. पैज लावली तर बुद्धिबळही मनी गेम; पैज नसेल तर लुडोलाही मोकळीक. खेळाची एकरकमी किंमत किंवा वर्गणी घ्यायलाही कायद्याची हरकत नाही, फक्त ती पैज असता कामा नये.

पालकाला मात्र रोज पडणारा प्रश्न वेगळा असतो. मुलाच्या फोनवर दिसणारा हा खेळ नेमका कोणत्या जातीचा, आणि तो राहू द्यावा की काढावा? याचे उत्तर कायद्यात नाही आणि बातम्यांतही मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच, की आळीपाळीने चाल करायचे खेळ आणि पटावरच्या खेळांची मोबाइल रूपे हा एक स्वतंत्र गट आहे. तो ओळखायला सोपा आहे आणि आपल्या पानांवर त्याला जागा मिळायला हवी.

ओळखायची पहिली खूण घड्याळाची. आळीपाळीच्या खेळात आपली चाल होईपर्यंत पट हलत नाही. जेवायला हाक आली की फोन उपडा ठेवून उठता येते, परत आल्यावर प्यादे होते तिथेच असते. लीचेस या बुद्धिबळाच्या मोफत संकेतस्थळावर पत्रव्यवहारी डाव लावला तर एका चालीला १ दिवसापासून १४ दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. सगळे एकाच वेळी खेळतात अशा धावत्या खेळात मधूनच उठणे म्हणजे हरणे, शिवाय संघातल्या मित्रांच्या शिव्या खाणे. तिथला मुलगा ‘पाच मिनिटं थांब ना’ म्हणतो तेव्हा तो बहाणा करत नसतो. पण यात एक फसवी जात आहे. खेळ आळीपाळीचाच दिसतो, मात्र दहा चालींनंतर ‘शक्ती संपली, चार तास थांबा किंवा हिरे वापरा’ अशी पाटी येते. तिथे वाट पाहायला लावणे हाच धंदा असतो. असा खेळ बिनदिक्कत काढून टाकावा.

दुसरी खूण डाउनलोड करण्यापूर्वीच दिसते. प्ले स्टोअरवर खेळाच्या माहितीत अ‍ॅपमधील खरेदीचा किमान आणि कमाल आकडा असतो. कमाल आकडा पाहा. पटावरच्या खेळाच्या अ‍ॅपमध्ये विकायला असून असून काय असणार? एखादा नवा नकाशा, जास्तीचे पत्ते. त्यामुळे तो आकडा सहसा काहीशे रुपयांतच थांबतो. तो हजारांत गेला की समजावे, इथे काहीतरी पुन्हा पुन्हा विकले जाते. आयफोनच्या स्टोअरवर तर खरेदीच्या वस्तूंची नावेच दिलेली असतात. ‘नकाशा’, ‘टोळी’, ‘विस्तार’ अशी नावे असतील तर एकदा घेतले की संपले. ‘हिऱ्यांची थैली’, ‘नाण्यांची पेटी’ दिसली की ते कधीच संपत नाही.

तिसरी कसोटी: फोन विमान मोडवर टाकून खेळ उघडा. संगणकाविरुद्ध डाव सुरू झाला आणि एकच फोन हातोहात फिरवून दोघा-चौघांना खेळता आले, तर खेळ आपला. उघडलाच नाही तर तो त्यांच्या सर्व्हरचा.

फोनची दोन सेटिंगही लगे हात करून घ्यावीत. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय चालू करावी. आयफोनमध्ये स्क्रीन टाइमच्या निर्बंधांत जाऊन अ‍ॅपमधील खरेदी बंद करता येते. लीचेसवर ‘किड मोड’ आहे. तो लावला की अनोळखी माणसांशी गप्पा आणि निरोप बंद होतात, डाव चालू राहतो. लहान मुलांच्या पालकांनी पहिल्या दिवशी हेच करावे.

आता लुडोबद्दल, कारण घरोघरी तोच आहे. आपल्या पचिसीवरून इंग्लंडमध्ये बेतलेला हा खेळ तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेटंट झाला, आणि मोबाइलवर त्याला पुन्हा घराघरांत नेणारा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या कंपनीने काढला. त्याच्याबद्दल सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी, की ‘फासा ठरवलेला असतो, मला सहा पडतच नाही.’ जरा हिशेब करून पाहा. दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. चौघे खेळत असतील तर पहिल्या दहा दानांत निदान एकावर तरी ही पाळी येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे खराखुरा लाकडी फासा घेऊन बसलात तरी दर दोन डावांमागे एकात कोणीतरी दहा फेऱ्या घरातच सोंगट्या धरून बसणार. पटावर हे आपण हसून विसरतो, फोनवर त्याचा कट होतो.

शिवाय लुडोत वाटते तेवढे नशीब नाही. शत्रूची सोंगटी मागे असेल आणि आपली तिच्यापुढे एक ते सहा घरांत उभी असेल, तर ती मरण्याची शक्यता सहात एक. सातव्या ते बाराव्या घरापर्यंत मारायला शत्रूला आधी सहा पडून मग नेमके दान यावे लागते, म्हणजे छत्तिसात एक. सहाव्यावरून एकच घर पुढे सरकले की धोका सहा पटींनी कमी! तरीही बहुतेक जण सर्वात पुढची सोंगटी पळवत राहतात आणि शत्रूच्या पुढ्यात पाच घरांवर उभी असलेली तशीच सोडतात. मुलाला शक्यता शिकवायची असेल तर पाठ्यपुस्तकातल्या रंगीत गोट्यांपेक्षा हे उदाहरण लवकर डोक्यात शिरते.

डावपेचांच्या खेळांत नवख्याला मी पहिला सुचवेन तो ‘द बॅटल ऑफ पॉलिटोपिया’. स्वीडनमधल्या मिडजिवान या छोट्या कंपनीचा हा २०१६ सालचा खेळ. चार टोळ्या फुकट, बाकीच्या विकत, जाहिराती अजिबात नाहीत. चौकटींचा नकाशा, एक राजधानी, एक सैनिक आणि खर्चायला मूठभर तारे, एवढ्यावर सुरुवात होते. ‘परफेक्शन’ प्रकारात डाव ३० चालींत संपतो, त्यामुळे पालकाला ‘हा एक डाव’ असे म्हणता येते आणि त्याला काही अर्थ राहतो.

बार्दुर टोळीला शिकार पहिल्यापासून येते. पहिल्याच चालीत हद्दीतली दोन जनावरे घ्यावीत, प्रत्येकी २ तारे लागतात. लोकसंख्या दोनने वाढून शहर दुसऱ्या पातळीवर जाते आणि बक्षीस निवडायला मिळते: कार्यशाळा किंवा वाटाड्या. वाटाड्या घेतला की नकाशा भराभर उघडतो, ते पाहायला मजा येते, म्हणून नवखे तोच घेतात. बहुतेक वेळा कार्यशाळा फायद्याची, कारण ती शेवटपर्यंत दर चालीला १ तारा जास्त देते.

खरी मेख विद्यांच्या, म्हणजे शिकारीसारख्या विकत घ्यायच्या कौशल्यांच्या, किमतीत आहे. पहिल्या पायरीच्या विद्येला शहरांची संख्या अधिक ४ तारे, दुसरीला शहरांची दुप्पट अधिक ४, तिसरीला तिप्पट अधिक ४. एक शहर असताना हे ५, ६, ७ होते. पाच शहरे झाली की ९, १४, १९. ताब्यात आलेले गाव आपले शहर होते. म्हणून सैनिक गावावर उभा असेल आणि ते या चालीत ताब्यात येणार असेल, तर विद्या आधी विकत घ्यायची, गाव नंतर. त्याच चालीत, तेच तारे, फक्त क्रम बदलला की एक ते तीन तारे वाचतात. सुरुवातीला एक सैनिक २ ताऱ्यांत मिळतो, हे लक्षात घेतले की ही बचत किती मोठी ते कळते.

लढाईत फासा नाही. सैनिकाची ताकद १०. मोकळ्यावर दोन ताजे सैनिक भिडले तर हल्ला करणारा समोरच्याचे ५ घेतो आणि उलट ५ खातो. आता पाळी समोरच्याची. तो उरलेले ५ घेऊन तुमचा सैनिक संपवतो आणि स्वतःला ओरखडाही येऊ देत नाही. एकास एक असताना जो आधी हात उचलतो तोच मरतो. मागे दुसरा सैनिक तयार असेल तरच पुढच्याने वार करायचा. तटबंदीच्या शहरात बसलेल्या सैनिकावर वार केला तर हिशेब आणखी वाईट: त्याचे २ जातात, आपले ७. हे न पाहता दरवाजावर एकामागून एक सैनिक आपटणे ही नवख्यांची ठरलेली हार.

पटावरच्या खेळांच्या अ‍ॅपमध्ये खरे सुख हिशेबाचे असते. ‘टिकेट टू राइड’ या रेल्वेमार्ग जोडायच्या २००४ सालच्या खेळात प्रत्येकाकडे ४५ डबे. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, तीनच्याला ४, सहाच्याला १५. म्हणजे लांब मार्गावर डब्यामागे अडीच गुण पडतात. फरशीला फरशी जोडून नकाशा रचायच्या ‘कारकासोन’मध्ये ७२ फरशा असतात, आणि हव्या त्या आकाराची फरशी अजून शिल्लक आहे की नाही यावर अख्खे शहर अवलंबून असते. घरी टेबलावर गुण मोजताना भांडण होते, अ‍ॅप ते निमूटपणे मोजते. पण सहा इंचांच्या फोनवर कारकासोनचा नकाशा वाढत गेला की बोट भलत्याच जागी पडते. ‘चाल पक्की करा’ असा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर चालूच ठेवावा, आणि जमले तर टॅब्लेटवर खेळावे. असले खेळ विकत घेताना आणखी एक पाहावे: शेवटचा अपडेट कधीचा. २०१७ मध्ये आयफोनची आयओएस ११ ही प्रणाली आली तेव्हा ३२ बिटची जुनी अ‍ॅप एका फटक्यात बंद पडली, त्यांत पैसे मोजून घेतलेले पटाचे खेळही होते. मूळ खेळाच्या परवान्याची मुदत संपली की अ‍ॅप स्टोअरवरून नाहीसेही होते. चार-पाच वर्षे अपडेट नसलेला खेळ कितीही नावाजलेला असो, पैसे घालू नयेत.

लांब मुदतीच्या डावात आणखी एक हमखास बिघाड होतो. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच अँड्रॉइड फोन मागची अ‍ॅप झोपवतात. ‘तुमची चाल’ हा निरोप येतच नाही आणि मुदत उलटून डाव हातचा जातो. लोक खेळाला दोष देतात. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे बॅटरीचे निर्बंध काढले की प्रश्न सुटतो.

या खेळांना व्यसन नसते असे मी म्हणणार नाही. ‘अजून एक चाल’ म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजवण्याची ताकद त्यांत आहे, विशेषतः ‘अनसिव्ह’सारख्या, पिढ्यान्‌पिढ्यांचे साम्राज्य उभारायच्या मुक्तस्रोत खेळात. तो फुकट आहे, जाहिराती नाहीत, इंटरनेटशिवाय चालतो, आणि नेमका म्हणूनच थांबवायला कोणी नसते. दहावीच्या वर्षी नकोच.

आता आपल्याला एक विनंती. पुरवणीत शब्दकोडे आणि सुडोकू असते, त्याशेजारी आठवड्याला एक ‘चाल ओळखा’ द्यावे. कधी लुडोचा पट, कधी पॉलिटोपियाची पाच बाय पाचची चौकट. वर सांगितलेला सैनिकांचा सामना हेच एक तयार कोडे आहे. बुद्धिबळासाठी तर पैसेही लागणार नाहीत. लीचेसने आपली लाखो कोडी कुणालाही वापरायला खुली केली आहेत, छापायला परवानगी मागावी लागत नाही. फाइलमध्ये प्रत्येक कोड्याची मांडणी, उत्तराच्या चाली आणि काठिण्याचा आकडा असतो. हौशी वाचकांसाठी १२०० च्या खालची निवडावीत. फक्त आपल्या पान लावणाऱ्यांना एक सांगून ठेवावे: फाइलमधली मांडणी प्रतिस्पर्ध्याच्या चालीच्या आधीची असते आणि यादीतली पहिली चाल त्याची असते. ती पटावर करून घेतल्यानंतरचे चित्र छापायचे. नाहीतर कोडे चुकीचे छापले जाईल आणि सोमवारी आपल्याला पत्रांचा ढीग उपसावा लागेल.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली