उंचावरच्या कक्षांचा भरवसा

महोदय,

अवकाश कचऱ्याविषयीच्या बातम्यांत बहुधा ५०० ते १,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचीच चर्चा असते. तिथल्या खालच्या थरांत विरळ हवेचे घर्षण निदान झाडूचे काम तरी करते. जीपीएसचे उपग्रह फिरतात त्या सुमारे २०,२०० किलोमीटरवर ती सोय नाही. निकामी उपग्रह थोडा वर सरकवला की तो कायम तिथेच राहील, हा समजही अपुरा आहे.

या कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५५ अंशांनी कललेल्या असतात. नेमक्या याच कलाजवळ चंद्र-सूर्याची ओढ आणि पृथ्वीच्या फुगीर मध्यामुळे कक्षेचे सावकाश वळणे यांचा ताल जुळतो (यालाच अनुनाद म्हणतात), आणि जवळपास वर्तुळाकार असलेली कक्षा काही दशकांत लांबट होऊन चालू उपग्रहांच्या पट्ट्यात शिरू शकते. असे अनेक अनुनाद एकमेकांत मिसळले की गणितातला ‘केऑस’ अवतरतो: सुरुवातीचा क्षुल्लक फरकही शतकाभराने निराळेच चित्र दाखवतो.

हीच अस्थिरता कामालाही लावता येते. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘साल्सा’ उपग्रहाची अतिलांबट कक्षा चंद्र-सूर्याच्या ओढीनेच खाली येत होती. जानेवारी २०२४ मध्ये तिला किंचित वळण दिल्यावर तो ८ सप्टेंबरला दक्षिण पॅसिफिकवर वातावरणात शिरला.

आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शक प्रणालीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत. त्यांच्या निवृत्तीच्या कक्षा ठरवताना पुढील शंभर-दोनशे वर्षांचे गणित इस्रोने मांडून ते जाहीरही करावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे