राउटरच्या बॅकअपची स्क्रिप्ट लिहिणाऱ्या त्या अनोळखी मित्रास

सप्रेम नमस्कार,

आपली ओळख नाही. पण घरचा जुना राउटर अचानक बंद पडला आणि तुमच्या स्क्रिप्टमुळे नवा राउटर त्याच संध्याकाळी पूर्वीसारखा चालू झाला, म्हणून हे पत्र.

वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकायला काही वेळ लागत नाही. वेळ खातात त्या बाकीच्या गोष्टी: प्रिंटर आणि कॅमेऱ्याला नेमून दिलेले आयपी ॲड्रेस, पोर्ट फॉरवर्डिंग, मुलांच्या टॅबवरची वेळमर्यादा, व्हीपीएन. वर्षानुवर्षं एकेक करून घातलेलं हे सगळं लक्षात कोणाच्या राहतं?

राउटरच्या ॲडमिन पानावर बॅकअपचं बटण असतं, पण त्यातून निघणारी फाइल सहसा बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणारी. डीडी-डब्ल्यूआरटी या राउटरच्या पर्यायी फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तर ती दुसऱ्या मॉडेलवर किंवा फर्मवेअरच्या वेगळ्या आवृत्तीवर चढवू नये असंच सांगतात, कारण जुन्या यंत्राचा मॅक ॲड्रेस (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि हार्डवेअरच्या नोंदीही तिच्यातून सरसकट नव्यावर जातात. तुम्ही नेमक्या त्या नोंदी वगळल्यात. उरलेल्यांच्या 'एनव्हीरॅम सेट' अशा साध्या, वाचता येणाऱ्या ओळी केल्यात (एनव्हीरॅम म्हणजे राउटरची सेटिंग्ज जपणारी मेमरी). काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं यावर तुम्ही जास्त विचार केलाय, आणि माझ्या मते स्क्रिप्टचं खरं मोल तिथेच आहे. रिस्टोअर करण्याआधी मी ती फाइल एडिटरमध्ये निवांत वाचली आणि आता घरात नसलेल्या उपकरणांच्या ओळी काढून टाकल्या.

एका जागी तर मी थबकलोच. व्हीपीएनची की, म्हणजे गुप्त किल्ली, अनेक ओळींची असू शकते. 'एनव्हीरॅम शो'चं आउटपुट ओळीओळीने वाचलं, तर की अर्धवट कापली जाते. तुम्ही आधी फक्त नावं गोळा केलीत आणि मग 'एनव्हीरॅम गेट'ने प्रत्येकाची व्हॅल्यू वेगळी मागवलीत. वर ती सिंगल कोट्समध्ये ठेवलीत, त्यामुळे पासवर्डमधलं डॉलरचं चिन्ह शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) गिळलं नाही. आमच्या पासवर्डमध्ये ते आहे! 'कमिट', म्हणजे बदल कायमचे जतन करणं, हेही अगदी शेवटी, एकदाच. तोवर काही बिनसलं तर नुसतं रीबूट केलं की राउटर होता तसा. फाइलमध्ये पासवर्ड उघडे दिसतात, म्हणून तिची परवानगी 600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, करून ठेवणारी ओळही तुम्ही विसरला नाहीत.

हे सगळं तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून केलं नसेल. दुसऱ्याचं घर ऑफलाइन पडू नये एवढ्यासाठी घेतलेली ही मेहनत आहे, आणि त्याबद्दल मी तुमचा खरोखर ऋणी आहे.

आता दर आठवड्याला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) बॅकअप निघतो आणि दुसऱ्या संगणकावर जातो. माझ्या मॉडेलवर वगळाव्या लागणाऱ्या आणखी काही नोंदी सापडल्या आहेत. त्यांची यादी तुम्हाला वेगळी पाठवतो. योग्य वाटल्या तर स्क्रिप्टमध्ये घ्या.

आपला,
एक कृतज्ञ वापरकर्ता