अर्ध्यावर राहिलेला सिनेमा

नाँत, फ्रान्स
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

कुळथाचं पीठ मिळालं. आजीने वरून लावलेला दोरा सोडवायला मला पंधरा मिनिटं लागली, पण पिठाला ओल म्हणून लागली नाही. परवा रात्री पिठलं केलं. आईला सांगा, इथे कोकम मिळत नाही, पण चिंचेवर भागतं.

आज मुद्दाम कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर हे सगळं सांगून होणार नाही. बाबा, तो सिनेमा मी काल शेवटपर्यंत पाहिला. तोच, मे महिन्याच्या सुट्टीत टीव्हीवर लागलेला. कॅप्टन नेमोची पाणबुडी नॉटिलस व्हेनिसच्या कालव्यांत शिरली आणि नेमकं लोडशेडिंग झालं. दादा आणि मी पुढे काय होतं म्हणून हटून बसलो. शेवट तुम्हालाही ठाऊक नव्हता, म्हणून ओटीवर कंदील ठेवून तुम्ही आम्हाला नेमोची मूळ गोष्ट सांगितलीत. वीज परत आली तेव्हा सिनेमा संपून गेला होता. तेव्हापासून तो माझ्या मनात तिथेच थांबलेला होता.

काल नेमोच्या लेखकाचा, ज्यूल व्हर्नचा वाढदिवस. तो इथलाच, १८२८ साली याच गावात जन्मला. घरमालकीणबाईंचा नातू तेओ सुट्टीला आला आहे, अकरा वर्षांचा. त्याने व्हर्नचं नेमोवरचं पहिलं पुस्तक, समुद्रतळावरच्या प्रवासाचं, दोनदा वाचलं आहे. म्हणून त्याच्यासाठी आम्ही 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जेंटलमेन' लावला. २००३चा सिनेमा. साल १८९९. युरोपात महायुद्ध पेटवायला निघालेला एक मुखवटेवाला, आणि त्याला आवरायला लंडनमध्ये गोळा केलेली माणसं, सगळी जुन्या पुस्तकांतून उठून आलेली. आफ्रिकेतला शिकारी क्वाटरमेन, ड्रॅक्युलाच्या गोष्टीतली मीना हार्कर, जेकिल आणि त्याच्या पोटातला हाइड, ज्याच्याऐवजी त्याचं चित्र म्हातारं होतं तो डोरियन ग्रे, एक अदृश्य माणूस, आणि अमेरिकेतला टॉम सॉयर. नेमोचा हाताखालचा माणूस 'मला इश्मेल म्हणा' हे 'मोबी डिक'चं पहिलं वाक्य म्हणतो, तेव्हा तुम्ही असता तर जागेवरून उठला असतात.

मूळ चित्रकथा अ‍ॅलन मूर आणि केव्हिन ओ'नील यांची, १९९९मध्ये सुरू झालेली. ती मी इथल्या वाचनालयात वाचली. तिच्यात या मेळाव्याची पुढारी मीना आहे. सिनेमात पुढारपण शॉन कॉनरीच्या क्वाटरमेनकडे गेलं, आणि चित्रकथेत नसलेला टॉम सॉयर अमेरिकन प्रेक्षकांसाठी आत आला. मीनाचं पुढारपण काढून घेतल्याचं मला मनापासून वाईट वाटलं. जुन्या पुस्तकांवरचे हक्क संपले की त्यांतली माणसं सगळ्यांची होतात, म्हणून अशी पंगत मांडता येते. पण एच. जी. वेल्सच्या कादंबरीतल्या अदृश्य माणसाचे हक्क मिळाले नाहीत, त्यामुळे सिनेमातला अदृश्य माणूस हा मूळ संशोधक नाही, त्याचं औषध पळवणारा चोर आहे.

चित्रीकरण प्रागमध्ये झालं. २००२च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नदीला महापूर आला आणि सेटची फार नासधूस झाली. हे वाचलं आणि मला आपली २६ जुलैची उल्हास नदी आठवली. माळ्यावर चढवलेल्या तुमच्या पुस्तकांच्या ट्रंका आठवल्या.

समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं, आणि कॉनरीने त्यानंतर पडद्यावर मोठी भूमिका केली नाही. सिनेमात गोंधळ पुष्कळ आहे, हे मलाही दिसलं. तरी नसीरुद्दीन शाह नेमो होऊन समोर येतो, फेटा, दाढी, कमरेला तलवार, आणि त्या सगळ्या गोऱ्या मंडळींत ताठ उभा राहतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नॉटिलस त्याची. मोटारगाडी त्याची. त्याच्यावाचून ही माणसं लंडनबाहेरही पडू शकली नसती.

तेओ मात्र चिडला. म्हणाला, "कॅप्टन नेमो भारतीय नाहीच! पुस्तकात कुठे लिहिलंय?"

तो ज्या पुस्तकाबद्दल बोलत होता त्यात खरंच लिहिलेलं नाही. व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलंडचा होता, रशियाच्या झारविरुद्ध उठलेला, घरदार गमावलेला. पण प्रकाशक एत्झेलला रशियातले वाचक दुखवायचे नव्हते. मग व्हर्नने त्याचा देशच झाकून ठेवला. नेमो म्हणजे 'कोणी नाही'. तुम्ही कंदिलाशी सांगितलेली गोष्ट पुढच्या पुस्तकातली, गूढ बेटाच्या. तिथे मरणाच्या दारातला म्हातारा आपलं नाव सांगतो: राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपूचा भाचा. दहा वर्षांचा असताना शिकायला युरोपात पाठवलेला. १८५७त लढला, बायको-मुलं गमावली, आणि वीस विश्वासू साथीदार घेऊन समुद्रात उतरला. टिपूचा भाचा बुंदेलखंडात कसा, असं तुम्ही तेव्हा हसत विचारलं होतं. पण व्हर्नने शोधलेली जागा किती नेमकी होती, हे मला काल तेओसाठी नकाशा काढताना कळलं. झाशी काढली, नेवाळकरांची. बांदा काढलं, बाजीराव-मस्तानीच्या वंशातल्या नवाबाचं. थोडं वर गंगेकाठी पेशव्यांचं बिठूर. कागदावर सत्तावनचं हे सगळं मराठी जग हाताच्या अंतरावर आलं.

मग आम्ही पहिलंच पुस्तक पुन्हा उघडलं, कारण खूण तिथेही आहे. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क धावून येतो. नेमो खंजीर घेऊन त्याच्यावर तुटून पडतो, आणि वाचलेल्या माणसाच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. नंतर म्हणतो की तो माणूस पिडलेल्यांच्या देशातला आहे, आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा राहीन. तेओने ते वाक्य दोनदा वाचलं. मग बराच वेळ गप्प होता.

माझी सिनेमावर नाराजी आहे ती इथे, बाबा. व्हर्नचा नेमो एका बाईच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. सिनेमातला नेमो कालीपुढे बसतो आणि बाकीचे कुजबुजतात, मरणाची पूजा करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा कसा? त्याच्याकडे तलवार आहे, यंत्रं आहेत, पण त्याचं कोण मेलं हे त्याला कोणी विचारत नाही. आणि १८५७त लढलेला हा माणूस इंग्रजांच्या कामाला कसा आला, हे त्याला एकदा तरी मोकळेपणाने बोलू द्यायला हवं होतं. नसीरच्या डोळ्यांत ते सगळं होतं. त्याच्या वाट्याला तेवढी वाक्यं आली नाहीत.

अजून एक गोष्ट गेले काही महिने मनात आहे. इथे नदीतल्या बेटावर, जुन्या जहाज-कारखान्याच्या जागी, एक यंत्राचा हत्ती आहे. १२ मीटर उंच, लाकूड आणि पोलादाचा, पाठीवर पन्नासेक माणसं घेऊन चालतो आणि सोंडेतून पाणी उडवतो. ऑक्टोबरमध्ये मी त्यात बसले. खाली उतरल्यावर कळलं की व्हर्ननेही असा एक वाफेचा हत्ती लिहिलाय, १८८०च्या पुस्तकात, उत्तर हिंदुस्थानात हिंडणारा. आनंदाने वाचायला घेतलं. त्यातले खलनायक आहेत नानासाहेब पेशवे. आपल्या वेणगावचे! लहानपणी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी ज्या रस्त्याने जायचे, तिथे जन्मलेले. ज्याने सत्तावनच्या बंडातल्या एका काल्पनिक माणसाला इतक्या मायेने लिहिलं, त्यानेच पाच वर्षांनी त्याच बंडातल्या खऱ्या माणसाला राक्षस केलं. कानपूरला इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली, ती युरोपच्या डोळ्यांपुढे होती, हे मला कळतं. तरी पुस्तक मिटून मी नदीकाठी बराच वेळ बसून राहिले. तुम्हाला विचारायचं होतं, डक्कर लिहिताना व्हर्नपुढे नानासाहेब नसतील का? मला वाटतं, असतील.

शेवट सांगायचा राहिलाच. क्वाटरमेन मरतो, त्याला आफ्रिकेत पुरतात. मग नेमो उरलेल्यांना म्हणतो, फार काळ जगापासून लपलो, आता नव्या शतकात ते पुन्हा पाहायचं आहे, माझ्यासोबत चला. पुस्तकातला नेमो १८६८त बेटाखालच्या गुहेत मरतो आणि नॉटिलस त्याच्यासकट पाण्याखाली जाते. तुम्ही कंदिलाजवळ तेच सांगितलं होतं, आणि दादा रडला होता. त्याला सांगा, इथे तो मरत नाही.

आज सकाळी तेओला घेऊन व्हर्नच्या संग्रहालयाजवळच्या टेकडीवर गेले होते. तिथे छोटा ज्यूल बाकावर बसलेला आहे आणि नेमो हातात सेक्स्टंट, म्हणजे खलाशांचं कोन मोजायचं यंत्र, घेऊन उभा आहे. पाऊस होता. तेओने पुतळ्याकडे पाहून मला हळूच विचारलं, "याला मराठी येत असेल का?" मी म्हटलं, झाशीत राहिला असेल तर येत असेल.

बाबा, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली व्हर्नची पुस्तकं माळ्यावर असतील तर वाळवी लागायच्या आत खाली काढा. जुलैत येईन तेव्हा घेऊन जाईन. आणि वेणगावला गेलात की रस्त्याचा एक फोटो पाठवा. तेओला नकाशावर चिकटवायचा आहे.

आजीला नमस्कार, आईला आणि दादाला प्रेम.

तुमची,
मनू