दोन घोडे वाहून नेणारी गाडी बांधताना

इंदूर

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

घोडे न्यायला मोटारगाडी घ्यायचं ठरवलंस, छान झालं. फक्त बॉडीवाल्याला बयाणा देण्याआधी हे पत्र वाच, आणि जमलं तर त्याच्याच पुढ्यात ठेव. बॉडीवाल्याचं आयुष्य कांद्या-सिमेंटच्या गाड्या बांधण्यात गेलेलं असतं. पोतं बिथरत नाही, लाथ मारत नाही, मुतत नाही. म्हणून तो दाखवेल त्या प्रत्येक कडीला, दांड्याला, दाराला एकच प्रश्न विचार: घोडा पडला, अडकला, त्याचं सगळं वजन यावर आलं, तरी हे बाहेरून सुटतं का? रंग, नक्षी, भोंगे यांचं मग बघू.

पहिलं वजन. तू पिकअप म्हणतोस, कारण ती स्वस्त आणि गल्लीत वळते. एका घोड्याला ती चालेल. दोघांचा हिशोब कर. बासष्ट इंची मारवाडी घोडा साधारण ४०० किलोचा, म्हणजे दोन मिळून ८००. बांधीव बॉडी ७००, रबरी मॅट दीडशे, खालची प्लाय शंभर, फाळका, म्हणजे घोडे चढायची मागची फळी, शंभर, घोड्यांची निगा राखणारे दोन मोतद्दार १४०, पाणी शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, चारा-सामान आणखी शंभर. सव्वादोन टनांच्या घरात जातं. पिकअपची क्षमता दीड टनाच्या आसपास. तेव्हा एकूण वजन ५ टनांच्या वर्गातली चेसिस बघ, टाटा ४०७ च्या किंवा लहान आयशरच्या जातीची. आयशर तर आपल्या पीथमपूरचीच, सुट्या भागांची चिंता नाही. क्षमता कागदावर वाचून थांबू नकोस. बॉडी चढल्यावर रिकामी गाडी काट्यावर घाल आणि पावती जपून ठेव. बॉडीवाले 'जरा मजबूत' म्हणून शंभर-दोनशे किलो लोखंड सहज जास्त घालतात.

आता जागा. मोटार वाहन नियमांतला १२५-ई हा नियम २०१६ पासून लागू आहे. त्यात घोड्यामागे २.२५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २४ चौरस फूट जागा आणि कायमचे कप्पे मागितलेत. त्याआधीचे १९७८ चे जनावर वाहतुकीचे नियमही आहेतच. त्यांत म्हटलंय की घोड्यांची तोंडं डाव्या बाजूला असावीत, समोरून येणाऱ्या रहदारीपासून लांब. बाजूंना गादी हवी, दोन घोड्यांमध्ये ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू हवा, मागे दोन भक्कम दांडे हवेत, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. हे नियम कागदी वाटतात, पण बांधणीचा आराखडा त्यांतूनच निघतो.

घोडा नाकापासून शेपटीपर्यंत आठ फूट. सात फूट रुंद हौद्यात, म्हणजे गाडीच्या मागच्या खोक्यात, तो सरळ आडवा मावत नाही. म्हणून तिरपा उभा कर, तोंड पुढे-डावीकडे, गाडीच्या लांबीशी साठ अंशांत. तेव्हा त्याला आठ फुटांची लांबी मिळते आणि भिंतीला लागून साडेतीन फूट जागा लागते. साडेतीन गुणिले सात, साडेचोवीस चौरस फूट. दोन घोड्यांचे सात फूट आणि तिरपेपणामुळे दोन्ही टोकांना सुटणारे कोपरे मिळून चार फूट. म्हणजे अकरा फूट, आणि फूटभर मोकळीक धरून बारा बाय सात फुटांचा हौदा, आतून. दहा फुटांत तिरपे दोन बसत नाहीत, कुणी कितीही 'बसवून देतो' म्हटलं तरी. पुढच्या उजव्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि जीन-सामान. मागच्या डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्या घोड्याच्या डोक्याशी, मोतद्दाराचं दार: दोन फूट रुंद, साडेपाच फूट उंच, रस्त्याच्या कडेला उघडणारं, आतून-बाहेरून दोन्हीकडून. आत माणूस आणि बिथरलेला घोडा एकत्र सापडले तर तेवढाच मार्ग असतो. उजवीकडे, रहदारीच्या बाजूला, हे दार ठेवू नकोस. पुढच्या घोड्याच्या डोक्याजवळ डाव्या भिंतीत हात जाईल एवढी खिडकी काढ.

या मांडणीत एक अडचण राहते: मागचा घोडा उतरल्याशिवाय पुढचा उतरत नाही. चढउताराला कटकट करणारा आणि पटकन घाबरणारा घोडा म्हणून मागे, शांत आणि जड घोडा पुढे. जड घोडा मागच्या चाकांच्या पुढे राहिला की गाडीही कमी उसळते.

कप्प्याची फळी डाव्या भिंतीला बिजागरीवर आणि उजव्या भिंतीला कडीवर. कडीचा दांडा भिंतीतून बाहेर आलेला हवा. साधी खिट्टी घोड्याचं वजन आलं की घट्ट बसते, हातोड्यानेही निघत नाही; तिथे वजनाखाली सुटणारी खटक्याची कडी लाव. फळी जमिनीपर्यंत नेऊ नकोस. वळणावर तोल सांभाळायला घोडा पाय फाकवतो. फळी खालपर्यंत असली की पाय फाकत नाहीत, तो तिच्यावर चढायला बघतो आणि घाबरून लाथा झाडतो. वरून अडीच फुटांपर्यंत पक्की फळी, त्याखाली जाड रबराचा पडदा. चौकटीला दोन इंची पाइप, त्यावर फोम आणि कॅनव्हास. रेक्झिन घोडे चावून काढतात. भिंतींना चार फुटांपर्यंत जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे, बोल्टची डोकी आत बुडवून. पत्र्यावर लाथ बसली की आवाजाने दुसरा घोडाही उडतो. रबरावर तसं होत नाही.

जमीन हीच खरी महत्त्वाची, आणि बॉडीवाला तिच्याकडे सगळ्यात कमी बघतो. नक्षीचा लोखंडी पत्रा नको: ओला झाला की नालांखाली गुळगुळीत, शिवाय खडखडाट. खाली दर फुटावर आडवी चॅनल, त्यांवर १८ मिलिमीटर मरीन प्लाय, त्यावर १६ मिलिमीटर रबर मॅट. मॅट चिकटवायची नाही, दर वेळी उचलता आली पाहिजे. मूत मॅटखाली मुरतं, प्लाय कडेने सडते, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस टाप खाली जाते. जमिनीला मागे थोडा उतार आणि दीड इंचाचं भोक जाळीसकट. तीन महिन्यांनी मॅट उचल, चाकूचं टोक प्लायमध्ये रुतवून बघ. रुतलं तर तो तुकडा लगेच बदल.

फाळक्याचा चढ हा चढवण्याच्या निम्म्या भांडणांचं मूळ. हौदा ३६ इंच उंच असेल तर साडेसात फुटी फाळका चोवीसएक अंशांत पडतो. हौदा ३० इंचांचा असेल तर तोच फाळका वीस अंशांच्या आत येतो. वीसपर्यंत बहुतेक घोडे विचार न करता चढतात. तेव्हा दोन चेसिस सारख्याच वाटल्या तर कमी उंचीची घे. ३६ च्याच मिळाल्या तर फाळक्याला खालून दीड फुटाची घडी जोड. वर रबर, त्यावर दर दहा-बारा इंचांवर एक इंचाची आडवी पट्टी. दोन्ही बाजूंना चार फुटी कठडे, नाहीतर घोडा कडेने पाय टाकतो आणि पिंढरी सोलते. फाळका शंभर किलोचा, उचलायला गॅस स्ट्रट, म्हणजे गॅसच्या दाबाचा दांडा, लाव, पण त्याच्या भरवशावर खाली कुणाला उभं करू नकोस. स्ट्रट कधीतरी बसतोच. जोडीला साखळी हवी.

हवेबद्दल. इथला मे तुला माहीतच. छताला पांढरा रंग, आत २५ मिलिमीटर थर्मोकोलचा थर आणि त्याखाली प्लाय. साडेपाच फुटांच्या वर दोन्ही बाजूंना जाळीच्या सरकत्या खिडक्या, छताला दोन झाकणं. वारा वरून फिरावा, डोळ्यांत थेट नको. ताडपत्री लावलीस तर घट्ट ताण, फडफडणाऱ्या ताडपत्रीने मेंढरासारखा गरीब घोडाही वेडा होतो. आणि सायलेन्सरचं तोंड बघ. गाडी चालताना मागे पोकळी होते, धूर आत खेचला जातो. त्याचं तोंड उजवीकडे वळव. आतून उंची साडेसात फूट ठेव, आणि आत दिवे लाव: अंधाऱ्या पोकळीत घोडा पाय टाकत नाही.

दावं दोन फुटांचं पुरे. घोड्याला मान खाली नेता आली पाहिजे, कारण तासन्‌तास डोकं वर बांधून ठेवलं की श्वासनलिकेतली घाण खाली पडत नाही, फुप्फुसात जाते आणि जत्रेहून परतल्यावर ताप येतो. दावं थेट कडीला नको, कडीला सुतळीचा फेरा घाल आणि त्यात दावं ओव. घोडा मागे खेचला तर सुतळी तुटावी, मान नव्हे. चढवताना आधी फळी बंद, मग डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं, मग फळी. हा क्रम तुझ्या पोरांकडून पाठ करून घे, उलटा झाला की अपघात ठरलेला.

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला नेणार आहेस तर वाट एबी रोडनेच, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने. मानपूरचा घाट, मग सेंधव्यापुढे बिजासनचा. आपल्याकडून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ३५ च्या वेगाने सात-साडेसात तास, वर दर तीन तासांनी पाणी आणि मान मोकळी करायला थांबा. घाट उतरताना माथ्यावर असतानाच खालचा गिअर टाकून घे. ब्रेकवर ठेवलेली गाडी घोड्याला सारखी पुढे ढकलते आणि चाकं तापतात ती वेगळी. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून घेऊ नकोस. भारी पाट्यांवर हलका बोजा उसळतो.

बॉडी बांधण्याआधी आराखडा आरटीओत दाखवून घे. नोंदणी झाल्यावर फेरबदल करणं नियमाबाहेर जातं आणि विम्यालाही ते निमित्त मिळतं. अग्निशामक चार किलोचा, चाकांना ठोकळे, एक जास्तीची म्होरकी आणि एक धारदार चाकू दाराजवळ. मागे कॅमेरा आणि केबिनमध्ये पडदा लाव. तो फार महाग पडत नाही.

गाडी ताब्यात घेताना कप्प्याच्या फळीवर दोन माणसं लोंबकळव आणि तिसऱ्याला बाहेरून कडी सोडायला सांग. सुटली नाही तर शेवटचा हप्ता अडवून ठेव. चेसिस बघायला जाशील तेव्हा टेप बरोबर ने, जमिनीपासून हौद्यापर्यंतची उंची मोज आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत