चाळीस सुयांपैकी उरलेल्या अठ्ठावीस

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. बारा दिवसांत सहा किलो वजन उतरल्याचा तुझा आनंद मी समजू शकते. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिले आहेस की जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून हे उत्तर लगेच लिहायला बसले आहे.

रोज एचसीजीचे इंजेक्शन आणि दिवसभरात पाचशे कॅलरी, ही तू सुरू केलेली पद्धत नवी नाही. डॉ. अल्बर्ट सिमिऑन्स यांनी १९५४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली. एचसीजी हे गर्भारपणात वारेतून स्रवणारे संप्रेरक आहे. गर्भचाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्याच्यामुळेच. वंध्यत्वाच्या उपचारांत त्याला मानाचे स्थान आहे. सिमिऑन्स यांचे म्हणणे असे होते की या संप्रेरकामुळे साठलेली चरबी मोकळी होते आणि इतके कमी खाऊनही भूक जाणवत नाही. हे ऐकायला पटते, मलाही पटले होते. मात्र पुढे एका गटाला हे औषध आणि दुसऱ्या गटाला औषध नसलेली सुई देऊन, दोन्ही गटांचा आहार सारखाच ठेवून, ते अनेकदा तपासले गेले. १९९५ साली एकूण २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता: एचसीजीने वजन उतरत नाही, चरबीची ठेवण बदलत नाही आणि भूकही कमी होत नाही. अमेरिकेत तर लठ्ठपणावर ते परिणामकारक ठरलेले नाही, अशी सूचना या औषधाच्या माहितीपत्रकात छापावीच लागते.

म्हणजे माधवी, तुझे वजन सुईने नाही, उपासमारीने उतरते आहे. त्यातही पहिल्या आठवड्यात जे गेले त्यात पाण्याचा वाटा मोठा, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपली की तिने धरून ठेवलेले पाणीही निघून जाते.

तुला मी कधी सांगितले नाही, पण तीन वर्षांपूर्वी मीही जिभेखाली ठेवायचे याच नावाचे थेंब घेत पाचशे कॅलरींवर एकोणीस दिवस काढले होते. रात्री दोन वाजता अंथरुणात पडून मी पाककृती वाचत असे. करायच्या म्हणून नव्हे, नुसत्या वाचायच्या म्हणून. पुढे मला कळले की १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्यापैकी काही जण असेच पाककृतींची पुस्तके जमवू लागले होते. त्यांना सतत थंडी वाजे, ते खिन्न आणि चिडचिडे झाले. त्यांना दिवसाला मिळत होत्या जवळपास सोळाशे कॅलरी, तुझ्या तिप्पट.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पाण्याची बादली उचलली आणि छातीत एक ठोका चुकल्यासारखा वाटला, मग लागोपाठ तीन-चार ठोके धाडधाड आले. मी बादली तशीच खाली ठेवून भिंतीला टेकले. ईसीजी झाला, रक्त तपासले, आणि पोटॅशियम बरेच खाली गेलेले निघाले. खरे सांगते, त्या क्षणापर्यंत अशक्तपणा म्हणजे उपाय लागू पडल्याची खूण, असेच मी समजत होते. केस मात्र अडीच महिन्यांनंतर, सगळे सुरळीत झाले असे वाटत असताना, कंगव्यात पुंजक्यांनी येऊ लागले.

इतके कमी खाल्ले की शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरते, आणि हृदय हाही स्नायूच आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत केवळ द्रव प्रथिनांवर राहून झपाट्याने वजन उतरवणाऱ्या कित्येकांचा हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. पित्ताशयाचेही तसेच. आहारात स्निग्धांश जवळजवळ नसला की ते नीट रिकामे होत नाही, पित्त साचून घट्ट होते आणि खडे धरतात. संप्रेरकाचे स्वतःचे धोके, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या, अंगावर सूज, नैराश्य, ते आणखी वेगळे.

तुझ्या बाबतीत मला सर्वाधिक भीती वाटते ती तुझ्या रक्तदाबाच्या गोळीची. ती लघवीवाटे पाणी काढणारी आहे, आणि त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते. शिवाय इतके वजन उतरल्यावर तोच डोस आता जास्त होत असेल. जिन्यावरची अंधारी त्यानेही येत असेल. गोळी मनाने बंद करू नकोस, पण ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हा आहार माहीत असलाच पाहिजे.

आठशे कॅलरींच्या आतला आहार डॉक्टरही कधी कधी देतात, हे खरे आहे. पण तो निवडक रुग्णांना, पुरेशी प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे मोजून, रक्ताच्या तपासण्या करत दिला जातो. तुझ्या हातात एक छापील कागद आणि सुयांचे पाकीट दिले गेले आहे.

उद्याची सुई घेऊ नकोस. मात्र एकदम पोटभर जेवूही नकोस. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर खाल्ल्याने रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरू शकते, म्हणून अन्न कसे वाढवायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरव. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि ईसीजी एवढे उद्याच करून घे. चक्कर येऊन पडलीस किंवा छातीत धडधडले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. मी सकाळी नऊपर्यंत तुझ्याकडे पोहोचते; जिना एकटीने उतरू नकोस, मी वर येईन.

तुझी,
शुभदा